जुना सिनेमा वाचवताय? या चुका टाळा

बेळगावातल्या शहापूरच्या एका वाड्याच्या माळ्यावर सिनेमाच्या रिळांचे गंजलेले सात डबे निघाले. मालकांचे वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. झाकण उघडल्याबरोबर मालकांचा मुलगा नाक धरून म्हणाला, "व्हिनेगरचा वास मारूलालाय बघा." मग त्यानं चांगल्या मनानं जे केलं, ती सगळ्यात मोठी चूक. रिळं गच्चीवर उन्हात पसरली आणि ओल्या फडक्यानं पुसून काढली. रिळांना पावसाळ्याची ओल बाधलीच होती, पण जास्त घात त्या दुपारनं केला.

तो वास म्हणजे फिल्मची पट्टी सडायला लागल्याची खूण. १९५० नंतरच्या बहुतेक फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची असते. उष्णता आणि दमट हवेत तिच्यातून आम्ल सुटतं आणि तेच आम्ल सड आणखी वाढवतं. शेजारच्या चांगल्या रिळालाही ते बाधतं. म्हणून वास येणारा डबा आधी वेगळा करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधू नका, वाफ आत कोंडते. कोरड्या, थंड, हवेशीर खोलीत, सावलीत ठेवा. खानापूरकडची ओली हवा वाईट हे सगळ्यांना कळतं. पण अथणीची हवा कोरडी म्हणून तिकडच्या पाहुण्यांकडे डबे पाठवणारेही मी पाहिलेत. मे महिन्यात पत्र्याखाली रिळांचं काय होतं ते त्यांना सप्टेंबरमध्ये कळतं.

त्याहून जुन्या, म्हणजे साधारण १९५१ च्या आधीच्या रिळांची गोष्टच वेगळी. ती नायट्रेटची असू शकतात. नायट्रेट झपाट्यानं पेटतं आणि जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असल्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. काठावर 'सेफ्टी' (म्हणजे सहज न पेटणारी फिल्म) छापलेलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रिंट काढताना निगेटिव्हवरची अक्षरं प्रिंटवरही उमटतात. चिकट झालेलं, तपकिरी भुकटी सांडणारं रीळ दिसलं तर उलगडू नका आणि बसच्या डिकीत टाकून पुण्याला नेऊ नका. आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला (१९६४ पासूनचं, आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) विचारा. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. तेव्हापासून जत्रेतल्या तंबूत फिरलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या प्रिंटलाही मोल आलंय.

दुसरी चूक मोह न आवरण्याची. "एकदा लावून तर बघू" म्हणत गावातला जुना प्रोजेक्टर बाहेर काढतात. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. एक टक्का आकसली तरी भोकं फाटायला लागतात. बघायचंच असेल तर रिवाइंडरवर, हातानं, सावकाश. जुने जोड सुटत असतील तर सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पाझरून पुढच्या वेटोळ्याला चिकटतो.

तुटलेल्या जागेबद्दल एक गंमत. पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे असते. त्यामुळे तुकडा गेला की चित्र एका क्षणाचं जातं आणि आवाज पाऊण सेकंदाहून थोड्या नंतरचा. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी भरायला जाल तर ओठ आणि शब्द भांडत बसतील.

तुकडा भरायचा कुठून, हाही सापळाच. जुने मराठी चित्रपट अनेकदा हिंदीतही वेगळे चित्रित होत. १९३७ च्या 'कुंकू'चा हिंदी जोड 'दुनिया न माने'. सेट तोच, नट तेच, म्हणून हिंदीतला शॉट मराठीत बेमालूम खपेल असं वाटतं. खपत नाही. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि टीव्हीवर हिंदी ऐकणारा आपल्याकडचा प्रेक्षक तर ओठ बघून भाषा ओळखतो. तुकडा मिळत नसेल तर तिथं काळी फ्रेम ठेवा. ती निदान प्रामाणिक असते.

आता संगणकावरचे घोटाळे. फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रात मुळातच असणारे बारीक ठिपके, ही घाण, असं समजून सॉफ्टवेअरनं ते पुसले जातात. चेहरे मेणाचे होतात, नऊवारीचा पोत जातो, पडता पाऊसही ओरखडा समजून नाहीसा होतो. धूळ आणि ओरखडे जरूर काढा, दाणे राहू द्या. आवाजाचंही तेच: खरखर शून्यावर आणायच्या नादात गायकाचा श्वास कापला जातो. आणि पुसापुशी करण्याआधी कच्च्या स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

घरी टीव्हीवर बघायच्या आवृत्तीत वेगाचा घोळ असतो. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने चालवला की १३५ मिनिटांचा खेळ पाच मिनिटांहून जास्त लवकर संपतो आणि सूर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोनकडे सरकतं. हुबळी-धारवाड इतक्या जवळ असताना ही चोरी पहिल्या आलापालाच पकडली जाते.

चौकटीचंही जपा. जुनी चौकट १.३७ ला १ अशी, जवळजवळ चौकोनी. ती ताणून रुंद टीव्हीभर पसरली की नायिका जाडी होते. वरून-खालून कापली तर उंचीतला जवळजवळ पाव भाग जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवा आणि तक्रार आली तर येऊ द्या. थिएटरची फाईल तशीच घरच्या आवृत्तीला वापरू नका. अंधाऱ्या हॉलसाठी जुळवलेली छटा दिवाणखान्यात बिघडते, ती वेगळी जुळवावी लागते.

प्रिंट तुमच्याकडे आहे म्हणून हक्कही तुमचे, असं नाही. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६४ च्या सिनेमाचा २०२४ अखेर संपला. पण कथा आणि गाण्यांच्या हक्कांचा हिशेब वेगळा; तो लेखक-संगीतकारांच्या मृत्यूपासून ६० वर्षांचा. खेळ लावण्याआधी दोन्ही तपासा.

कन्नड सबटायटल मूळ चित्रावर कायमची चिकटवू नका, वेगळी फाईल ठेवा. बेळगावात ती लागतात, कोल्हापुरात नको असतात, निपाणीत प्रेक्षक बघून ठरवावं. आदल्या रात्री रिकाम्या हॉलमध्ये एक गाणं पूर्ण आवाजात लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसा. एकदा आम्ही हे टाळलं आणि दुसऱ्या दिवशी अभंगाच्या ऐन रंगात ओळी पडद्याखालच्या काळ्या कापडावर वाचायची वेळ आली.