बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ऑटोचेंजर (टेप आपोआप बदलणारं यंत्र) टेप लोड करत नसेल तर आधी हे बघा

लगेच कॉन्फिग उकरत बसू नका. आधी बॅक्युलाचा स्टोरेज डीमन (टेपवर लिहिणारा बॅकग्राउंड प्रोग्राम) बंद करा, नाहीतर ड्राइव्ह बिझी म्हणून बोंबलतो, आणि मग जोडलेली उपकरणं दाखवणारी एलएसएससीएसआय कमांड -जी लावून चालवा. ज्या ओळीत मीडियमएक्स दिसेल तो चेंजर, टेप लिहिलेला तो ड्राइव्ह. चेंजर चालवणाऱ्या एमटीएक्स कमांडला चेंजरचाच एसजी नंबर (त्याच ओळीच्या शेवटी दिसतो तो) द्यायचा, इथेच निम्मे लोक ड्राइव्हचा देतात आणि मग तासभर केबल हलवत बसतात. एमटीएक्सच्या स्टेटसमध्ये स्लॉट (टेप ठेवायचे खण) आणि बारकोड नीट दिसले की एक टेप एमटीएक्सनेच हाताने लोड-अनलोड करून बघा, हे चाललं म्हणजे हार्डवेअर ठीक, भानगड बॅक्युलाच्या सेटिंगमध्ये.

तिथे आर्काइव्ह डिव्हाइसला (म्हणजे ड्राइव्हच्या पाथला) एसटी नाही, एनएसटी नावाची डिव्हाइस फाइल हवी, कारण एसटी फाइल बंद झाली की टेप आपोआप रिवाइंड करतं आणि पुढचा जॉब आधीच्या डेटावर लिहू शकतो! शिवाय रीबूटनंतर एसजी नंबर बदलू शकतो, म्हणून चेंजरला बाय-आयडीवाला, न बदलणारा पाथच टाका. दोन ड्राइव्ह असतील तर ड्राइव्ह इंडेक्स शून्यापासून मोजतात, उलटसुलट झालं की टेप एकात जाते आणि बॅक्युला दुसऱ्यात शोधत राहतं. हाताने चालतं पण बॅक्युलातून नाही, असं असेल तर परमिशन बघा, बॅक्युला युजर टेप ग्रुपमध्ये लागतो. शेवटी बीटेप या बॅक्युलाच्या टेप तपासणाऱ्या कमांडची टेस्ट, पण कोऱ्या टेपवरच हां, ती टेपवर लिहिते.