बँकॉकमध्ये थाई हॉटेलात जेवायचंय? ऑर्डर कशी द्यायची ते बघा

टूरबरोबर बँकॉकला गेलं की रोज रात्री बस इंडियन हॉटेलपुढेच थांबते आणि तेच दाल फ्राय, तोच जीरा राइस. ग्रुपमध्ये आजी-आजोबा असतात त्यामुळे समजू शकतो, पण एक रात्र तरी मोकळी काढा आणि बीटीएस म्हणजे तिथल्या उंचावरून धावणाऱ्या मेट्रोने सियाम, साला डेंग नाहीतर आसोकला उतरून एखाद्या साध्या थाई हॉटेलात बसा. दुपारी जाणार असाल तर फक्त बारा ते एक साला डेंगजवळच्या सिलोमच्या बाजूला जाऊ नका, सगळी ऑफिसं एकदम जेवायला सुटतात आणि टेबल मिळत नाही, साडेअकरा किंवा दीडनंतर आरामात बसता येतं.

आता ऑर्डर. आपले लोक काय करतात, चौघं असले तर चार पाद थाई सांगतात, नावच तेवढं माहीत असतं ना. पाद थाई म्हणजे परतलेल्या नूडल्स, एकट्याने एका प्लेटमध्ये संपवायचा प्रकार आहे, चौघांचं थाई जेवण तसं नसतं. प्रत्येकाला साधा भात घ्यायचा, त्याला खाव सुआय म्हणतात, आणि मध्ये तीन-चार पदार्थ सगळ्यांत मिळून. एक आंबट-तिखट सूप, एक नारळाच्या दुधातली करी, एक परतलेली भाजी आणि एक सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची खलात कुटलेली कोशिंबीर, एवढं चौघांना पुरतं. सगळंच तिखट मागवू नका, टॉम यम हे आंबट-तिखट सूप घेतलं तर बाजूला मास्सामान करी ठेवा, तिच्यात बटाटा, शेंगदाणे, दालचिनी, वेलची असते, मुलंसुद्धा खातात. स्टार्टर आधी आणि मेन कोर्स नंतर असं काही नसतं, जे तयार होईल ते येतं, त्यामुळे भाताआधी सूप आलं म्हणून वेटरवर डोळे वटारू नका. ताटात एका वेळी एका पदार्थाचे एक-दोन चमचेच घ्यायचे, मग परत घ्या हवं तर.

खायचं उजव्या हातातल्या चमच्याने, डाव्या हातातला काटा फक्त चमच्यात ढकलायला. चॉपस्टिक मागू नका, त्या नूडल सूपबरोबर येतात. चिकट भात मात्र हाताने गोळा करून खातात, तिथे आपण घरचेच! आणि सूपमधल्या गवती चहाच्या काड्या, गलांगलच्या (आल्यासारखं मूळ) चकत्या, लिंबाची जाड पानं चावत बसू नका, वासासाठी असतात, बाजूला काढा.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, कारण मांस काढलं तरी नाम प्ला म्हणजे फिश सॉस राहतोच. करीच्या वाटणात बऱ्याचदा कपी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट, आणि हिरव्यागार परतलेल्या भाजीत ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस. सोम ताममध्ये वर सुकट पण पडते. त्यामुळे 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसला की तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. जैन मंडळींनी तरी कंदमुळांचं विचारूनच घ्या, 'जे' जेवणात बटाटा-गाजर चालतं. साध्या हॉटेलात 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका असं सांगा, पण करीचं वाटण आधीच तयार असतं, त्यातून कपी कोण काढणार? म्हणून तिथे करी सोडा, टोफू घालून भाजी सोया सॉसमध्ये परतून मागा. मोबाइलवर थाईत भाषांतर करून दाखवलं तर सगळ्यात बरं.

नॉनव्हेजवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा: 'काय' म्हणजे चिकन, 'मू' म्हणजे डुक्कर, 'नुआ' म्हणजे बहुतेक वेळा बीफ, 'कुंग' म्हणजे कोळंबी. पाद क्रापाव जरूर घ्या, त्यातली क्रापाव म्हणजे चक्क आपली तुळसच, मिरची-लसणावर मटणखिम्यासारखं परततात आणि वर कुरकुरीत कडेचं तळलेलं अंडं. आपल्या घरी कुणी तुळस फोडणीत टाकली तर काय होईल ते सांगायला नको.

तिखटाचं म्हणाल तर कोल्हापूरचा माज इथे दाखवू नका. सोम ताममध्ये बारकी थाई मिरची कच्चीच कुटतात, तेलात मरत नाही, त्यामुळे वेगळीच लागते. पहिल्यांदा 'फेत नित नॉय' म्हणजे थोडं तिखट, मुलांसाठी 'माय फेत'. सोम ताममध्ये किती मिरच्या ते सांगता येतं, एकच सांगा. कमी पडलं तर टेबलावर मिरचीपूड, मिरचीवालं व्हिनेगर, फिश सॉस आणि साखर असते, नूडल्समध्ये ते स्वतःच घालून घ्यायचं. हो, साखर पण, नाक मुरडू नका.

हे सगळं जमेल का अशी धाकधूक असेल तर आधी आसोकच्या टर्मिनल २१ मॉलमधल्या पिअर २१ फूड कोर्टात जा. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले पैसे परत मिळतात, स्वस्त आहे आणि पदार्थ बघून बोट दाखवलं की झालं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात सोडू नका, वरून येणारं नारळाचं दूध थोडं खारट असतं, ते तसंच असतं, बिघडलेलं नाही.

बिल मागायला 'चेक बिन' म्हणा. मॉलमधल्या किंवा जरा मोठ्या हॉटेलात मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ७ टक्के व्हॅट वेगळा लागणार हे धरून चाला, अशा वेळी वेगळी टिप नाही दिली तरी चालते. छोट्या दुकानात रोख बाथ सुटे ठेवा, हजाराची नोट बघून मालकिणीचं तोंड वाकडं होतं.