आईला मेट्रोने मंडईत न्यायचंय? आधी लिफ्टचं गेट शोधा

माझी आई ७४ वर्षांची आहे, उजवा गुडघा दुखरा. आम्ही पिंपरीत संत तुकारामनगर स्टेशनाजवळ राहतो. पूर्वी पुण्याच्या मंडईत जायचं म्हणजे बसने मनपा, म्हणजे महानगरपालिकेचा थांबा, तिथून पुढे दुसरी बस नाहीतर रिक्षा. बसच्या उंच पायऱ्या चढवेनात म्हणून तिने मंडई सोडूनच दिली होती. २९ सप्टेंबर २०२४ ला पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्वतःचं स्टेशन मिळालं. दिवाळी झाल्यावर मी तिला घेऊन गेले. नंतर मावशीला नेलं, शेजारच्या काकूंना नेलं. घरातल्या वयस्कर माणसाला पहिल्यांदा मेट्रोने न्यायचं असेल तर काय करायचं, ते त्या अनुभवावरून सांगते.

गाडीत बसणं सोपं आहे. त्रास होतो तो रस्त्यापासून फलाटापर्यंत, म्हणून सगळी तयारी तेवढ्यासाठी करायची. आदल्या दिवशी एकट्याने जाऊन या. स्टेशनाच्या प्रत्येक गेटला लिफ्ट असेलच असं नाही, आणि लिफ्टचं गेट रस्त्याच्या पलीकडे निघालं तर म्हाताऱ्या माणसाला भर वाहतुकीत रस्ता ओलांडावा लागतो. जिथे उतरायचं तिथलंही गेट बघून ठेवा. मी आधी फक्त आमचं स्टेशन पाहिलं होतं. मंडईला उतरल्यावर लिफ्ट शोधत आईला उगाच इकडून तिकडे चालवलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. तिकीट खिडकीवरच्या माणसाला किंवा सुरक्षारक्षकाला सरळ विचारा, ‘लिफ्ट कोणत्या गेटला आहे?’ सांगतात.

सरकत्या जिन्याचा हट्ट पहिल्या दिवशी धरू नका. साडीच्या निऱ्या, सैल चप्पल आणि पाय नेमका कधी उचलायचा याची धास्ती, हे सगळं एकदम येतं. आईने दुसऱ्या खेपेला स्वतःहून विचारलं, तेव्हा निऱ्या वर खोचून, एक हात कठड्यावर आणि दुसरा माझ्या हातात देऊन ती चढली. पायात मागे पट्टा असलेली चप्पल असू द्या.

तिकीट फोनवर काढता येतं, पण ज्येष्ठांसाठी कागदाचं घ्या आणि ज्याचं त्याच्या हातात द्या. त्यावरचा क्यूआर कोड आत जाताना दाखवायचा असतो आणि बाहेर पडतानाही. आईला बसचं तिकीट उतरताना चुरगळून टाकायची सवय, म्हणून तिला ते चष्म्याच्या डबीत ठेवायला सांगितलं. कोड दाखवल्यावर फाटक उघडलं की न थांबता पुढे जायचं, हेही आधी सांगून ठेवा. काठी किंवा चाकाची खुर्ची असेल तर रुंद फाटकाने जा. तपासणीत पिशवी यंत्रातून जाते. बायकांची तपासणी बाईच करते हे कळल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला.

पुण्यात तिकीट १० रुपयांपासून सुरू होतं. शनिवार-रविवारी ३० टक्के सूट असते, पण गर्दीही असते. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी मी आठवड्यातली सकाळची अकराची वेळ निवडेन. कचेरीवाले गेलेले असतात आणि भाजी अजून ताजी असते.

फलाटावर पिवळ्या रेघेच्या मागे उभं राहा. गाडी तीन डब्यांची, त्यातला एक महिलांसाठी राखीव. स्टेशनावर ती थोडा वेळच थांबते, म्हणून आधी उतरणाऱ्यांना वाट द्या, मग ज्येष्ठांना पुढे करून आपण मागून चढा. आणि एक गोष्ट घरीच ठरवून निघा: चुकामूक झाली तर काय करायचं? जो गाडीत आहे त्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथल्याच बाकावर बसायचं, मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडून यायचं. शिवाजीनगरला मावशीच्या बाबतीत हे खरंच घडलं. ती चढली, दार मिटलं, मी बाहेर. पुढच्या गाडीने जिल्हा न्यायालयाला पोचले तर ती पिशवी मांडीवर घेऊन शांत बसलेली होती. ठरलेलं नसतं तर आम्ही दोघी एकमेकींना शोधत फिरलो असतो.

त्या जिल्हा न्यायालय स्टेशनाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पिंपरी–स्वारगेट आणि वनाझ–रामवाडी हे दोन मार्ग तिथे एकमेकांना भेटतात. पहिला मार्ग तिथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि दुसरा खांबांवर, रस्त्याच्या वर. म्हणजे डेक्कनला किंवा कोथरूडकडे जायचं असेल तर बऱ्याच मजल्यांचा चढ आहे. तरुण माणूस तो सहज करतो. आईबरोबर मी वेगळी दहा-पंधरा मिनिटं धरते आणि फक्त लिफ्ट वापरते. मंडईसाठी गाडी बदलावी लागत नाही, म्हणून पहिली सहल तिथलीच ठेवा.

मंडईत वर आलं की १८८६ सालची ती दगडी इमारत दिसते. आई तिथे बराच वेळ नुसती उभी होती. तुळशीबाग चालत जाण्यासारखी आहे. खरेदी करताना परतीच्या ओझ्याचा विचार करा: दोन हातांत दोन पिशव्या घेतल्या तर कठडा धरायला हात उरत नाही. पाठीवरची एक पिशवी बरी.

तीन-चार खेपा झाल्या की मेट्रोचं कार्ड काढून द्या. रांग टळते, सुट्ट्या पैशांची कटकट संपते, फक्त शिल्लक आपण बघत राहायची. आईच्या कार्डाच्या पाकिटात मी माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. आता ती काकूंबरोबर जाते. आमचं ठरलंय, मंडईत जमिनीवर आलं की मला फोन करायचा. परवाही साडेअकराला आला. अळूची पानं चांगली दिसताहेत, दोन जुड्या घेऊ का, म्हणून विचारत होती.