दोन देशांतील जन्मठेपेची तुलना कशी करावी

एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की "आपल्याकडे चौदा वर्षांत सुटतात, तिकडे मरेपर्यंत आत ठेवतात" असे दावे सुरू होतात, आणि नेमके उलटे दावेही तितक्याच ठामपणे केले जातात. बहुतेक वेळा त्यांत एका देशातील कलम दुसऱ्या देशातील प्रत्यक्ष व्यवहाराशी ताडून पाहिलेले असते, त्यामुळे निष्कर्ष फसतो. ज्यांना या विषयावर लिहायचे आहे किंवा निदान जबाबदारीने बोलायचे आहे, त्यांनी शिक्षेचे नाव क्षणभर बाजूला ठेवावे. सुटकेचा विचार सर्वांत आधी केव्हा होऊ शकतो, तो कोण करतो आणि तोवर माणूस कोणत्या परिस्थितीत राहतो, हे प्रत्येक देशाबाबत शोधावे.

सुरुवात कायद्याच्या मजकुरापासून करावी, मात्र पहिल्या आकड्यावर थांबू नये. पोर्तुगालने १८८४ मध्ये जन्मठेप रद्द केली आणि तेथे आज कमाल शिक्षा २५ वर्षांची आहे. नॉर्वेतही जन्मठेप नाही, कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे २१ वर्षांची आहे. पण तेथे धोकादायक गुन्हेगारांसाठी 'फोरवारिंग' नावाची वेगळी शिक्षा असून, मुदत संपल्यावरही धोका टळलेला नाही असे न्यायालयाला वाटल्यास ती प्रत्येक वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, आणि अशा मुदतवाढींना कमाल मर्यादा नाही. २०११ मध्ये ७७ जणांचा बळी घेणाऱ्या आंदेर्स ब्रेविकला हीच शिक्षा झाली आहे. तो २१ वर्षांनी नक्की सुटणार, असे त्यामुळे म्हणता येत नाही. उलट जर्मनीत जन्मठेप आहे, तरी १५ वर्षांनंतर न्यायालय सशर्त सुटकेचा विचार करू शकते. गुन्ह्याचे गांभीर्य विशेष असल्याचे निकालपत्रात नमूद असेल, तर ही मुदत लांबते. माणसाला पुन्हा कधीतरी मोकळे होण्याची खरीखुरी शक्यता असली पाहिजे, ही भूमिका तेथील घटना न्यायालयाने १९७७ मध्येच घेतली होती. अमेरिकेबाबत 'अमेरिकेत असे होते' असे वाक्य लिहूच नये, कारण प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. संघराज्याच्या न्यायालयांत १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी पॅरोलच (मुदतीआधी अटींवर होणारी सुटका) उरलेला नाही, त्यामुळे तेथील जन्मठेप बहुतांशी शब्दशः जन्मभराची असते.

भारताच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण आपल्याकडे १४ आणि २० हे दोन आकडे वर्षानुवर्षे चुकीच्या अर्थाने वापरले जात आहेत. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी, माफीचे, म्हणजे तुरुंगात शिक्षेतून कमी होत जाणारे, दिवस धरून आपली वीस वर्षे पूर्ण झाली आहेत, असा दावा सर्वोच्च न्यायालयात केला होता. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि जन्मठेप म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्याची कैद, शासनाने शिक्षा कमी केली तरच त्याआधी सुटका, असे स्पष्ट केले. २० वर्षांचा उल्लेख शिक्षेच्या अंशांची मोजणी करण्यापुरता (म्हणजे जन्मठेपेचा एखादा हिस्सा किती वर्षांचा धरायचा हे ठरवण्यापुरता) आहे, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्ये आजही आहे. १४ वर्षांचा आकडा फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये घातलेल्या कलम ४३३-अ मधून आला, आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्या, किंवा फाशीऐवजी जन्मठेप मिळालेल्या कैद्याला प्रत्यक्ष १४ वर्षे कारावास भोगल्याशिवाय सोडता येत नाही, एवढेच ती सांगते. चौदाव्या वर्षी सुटका हा हक्क नव्हे, त्याआधी दार उघडणार नाही इतकाच त्याचा अर्थ. शिवाय स्वामी श्रद्धानंद नावाच्या आरोपीच्या खून खटल्यापासून (२००८) वरिष्ठ न्यायालये फाशीऐवजी २५ किंवा ३० वर्षे, अथवा आयुष्यभर माफी नाही, अशी शिक्षाही देतात. २०१५ मध्ये घटनापीठाने हा अधिकार मान्य केला, पण तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरताच. म्हणून भारतीय निकालाची तुलना करताना निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय काहीही लिहू नये.

यानंतर निर्णय कोणाच्या हाती आहे ते पाहावे. माझ्या मते कायद्यातील वर्षांपेक्षा हा मुद्दा अधिक निर्णायक आहे, आणि आपल्याकडील चर्चेत तो सर्वांत कमी येतो. इंग्लंडमध्ये न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच किमान मुदत ठरवतो, ती संपल्यावर पॅरोल बोर्ड कैदी समाजाला धोकादायक आहे का हे तपासते, आणि सुटलेला माणूसही मरेपर्यंत परवान्याच्या अटींखाली राहतो. अटी मोडल्यास त्याला पुन्हा आत नेता येते. काही मोजक्यांना मात्र संपूर्ण आयुष्याची शिक्षा होते. अशा शिक्षेचा फेरविचार होण्याची सोय असलीच पाहिजे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले होते. भारतात निर्णय सहसा राज्य शासनाचा असतो. कोणत्या राज्याचा, यावरून केवढा फरक पडतो ते बिल्किस बानो प्रकरणात दिसले. गुन्हा गुजरातेत घडला, खटला मुंबईत चालला, अकरा दोषींना २०२२ मध्ये गुजरात शासनाने सोडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून, शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, असे ठरवले. येथे एक गल्लत नेहमी होते. महाराष्ट्रातील कैदी संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी, बाहेर येतो तेव्हा ठरलेल्या दिवशी त्याला कारागृहाच्या दाराशी परत हजर व्हावे लागते, तर इंग्लंडमधील पॅरोल ही अटींखालची सुटका असते. या दोहोंची आकडेवारी एका रकान्यात मांडू नये.

कायदा वाचून झाला की व्यवहार तपासावा. जपानच्या दंडसंहितेनुसार जन्मठेपेचा कैदी १० वर्षांनंतर पॅरोलला पात्र ठरतो, पण अलीकडच्या काळात ज्यांची सुटका झाली त्यांनी सरासरी ३० वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेला आहे, आणि सुटणाऱ्यांपेक्षा तुरुंगात मरण पावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कलम पाहून जपान उदार ठरेल, नोंदी पाहून तो कठोर ठरतो.

तुरुंगातील परिस्थिती मोजताना छायाचित्रांवर विसंबू नये. २०१० मध्ये सुरू झालेल्या नॉर्वेतील हाल्डेन तुरुंगाच्या स्वच्छ खोल्या आणि कोलोरॅडोतील फ्लॉरेन्सचा अतिसुरक्षा तुरुंग, जेथे कैदी दिवसाचे जवळपास २३ तास कोठडीत एकटा असतो, ही दोन टोके आहेत. त्याऐवजी माणशी जागा, कोठडीबाहेरचे तास, डॉक्टर आणि कुटुंबाची भेट या बाबी घ्याव्यात. युरोप परिषदेच्या छळ प्रतिबंधक समितीचा निकष सामायिक कोठडीत स्वच्छतागृह वगळून माणशी ४ चौरस मीटर असा आहे, तर संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार (२०१५) सलग १५ दिवसांहून अधिक एकांतवास निषिद्ध आहे. परदेशी न्यायालये अशी तपासणी किती बारकाईने करतात, हे मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ मुळे आपल्याला ठाऊक झाले. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या न्यायाधीशांनी त्या बराकीचे चित्रीकरण मागवले होते, कारण आत नैसर्गिक उजेड येतो का हे त्यांना पाहायचे होते. पुढे नीरव मोदी यांच्यासाठी महाराष्ट्राकडून माणशी ३ चौरस मीटर जागा, सुती चटई, उशी, चादर आणि ब्लँकेट अशी हमी देण्यात आली. त्याच राज्यातील साध्या बराकीत दाटीने झोपणाऱ्या कच्च्या कैद्याला अशी लेखी हमी कोणी देत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० बंदी होते, म्हणजे भरणा १३१ टक्क्यांवर होता, आणि दर चारपैकी तीन बंदी कच्चे कैदी होते. तेव्हा भारताची सरासरी परिस्थिती मांडताना ती मुख्यतः अद्याप दोषी न ठरलेल्यांची परिस्थिती आहे, हे त्याच वाक्यात सांगावे.

श्रीमंत देश म्हणजे चांगले तुरुंग, असेही गृहीत धरू नये. २०२३ मध्ये एका जर्मन न्यायालयाने ब्रिटनमधील तुरुंगांच्या अवस्थेमुळे एका आरोपीला तेथे पाठवण्यास नकार दिला. दुसरीकडे सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली खुली वसाहत आहे, जेथे शिक्षा झालेले बंदी कुटुंबासह राहून शेती करतात.

ही पद्धत एका खटल्यावर चालवून पाहावी. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील अबू सालेमला २०१७ मध्ये जन्मठेप झाली. मात्र पोर्तुगालने त्याला २००५ मध्ये ताब्यात देताना, २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी भारताकडून घेतली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, परंतु २५ वर्षे पूर्ण होताच त्याच्या सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला देण्यास केंद्र सरकार बांधील आहे, असे सांगितले आणि मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून धरली. माफीचे दिवस त्यात धरायचे की नाहीत, हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून तक्त्यात त्याच्या नावापुढे शिक्षा म्हणून जन्मठेप, मर्यादेचा उगम म्हणून पोर्तुगालला दिलेली हमी, निर्णयकर्ते म्हणून केंद्राच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपती आणि सुटकेची वेळ म्हणून, माफीविना मोजल्यास, ऑक्टोबर २०३० असे चार स्वतंत्र रकाने भरावेत.