‘हलका’ शब्द वापरताना या चुका टाळा

सोलापुरात चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक ‘भारीतली नको, हलक्यातली दाखवा’ असे म्हणते, तेव्हा ते किंमत आणि प्रत यांविषयी बोलत असते आणि दुकानदाराला ते अचूक कळते. घोटाळा होतो तो हाच शब्द जाहिरातीत किंवा किंमतपत्रकात लिहिला जातो तेव्हा.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ‘हलकी चादर’ असे नुसतेच लिहिणे. उन्हाळ्यात अंगावर घ्यायला सोयीची, कमी वजनाची चादर असे विक्रेत्याला म्हणायचे असते. परंतु भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची ओळखच मुळी तिच्या जाड सुती विणीची असल्यामुळे वाचणाऱ्याला ती निकृष्ट मालाची कबुली वाटते. अशा ठिकाणी ‘वजनाला हलकी’ असे लिहावे किंवा सरळ ग्रॅममध्ये वजन द्यावे, आणि प्रतच कमी असेल तर ‘हलक्या प्रतीची’ असे स्पष्ट सांगावे. ‘हलका निळा’ हा हिंदी वळणाचा प्रयोगही टाळावा. मराठीत रंग फिका असतो.

‘स्वस्त’ आणि ‘हलका’ यांची अदलाबदल करू नये. ‘स्वस्त’ हा शब्द केवळ किंमत सांगतो. स्वस्त धान्य दुकान या नावात धान्याच्या प्रतीवर काहीच शेरा नाही. उलट, उथळ विनोदाला ‘स्वस्त’ म्हणणे हे इंग्रजीचे अनुकरण आहे. त्यासाठी ‘सवंग’ किंवा ‘पाचकळ’ हे नेमके शब्द आहेत.

‘भरड धान्य’ या नावावरून ज्वारीला हलके धान्य समजणे तर या जिल्ह्यात मुळीच शोभत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्वारी-बाजरीला ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून घोषित केले. लिहिताना हेच नाव वापरावे, किंवा सरळ ‘ज्वारी’ म्हणावे.

सर्वांत गंभीर चूक माणसांच्या बाबतीत होते. ‘हलकी जात’ यासारख्या प्रयोगांतून हा शब्द माणसांची प्रतवारी करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे, आणि तो डाग ‘हलकी कामे’ या शब्दांनाही लागलेला आहे. म्हणून शहरातील विडी कामगार स्त्रियांविषयी लिहिताना, श्रम कमी असा अर्थ मनात असला तरी, ‘हलके काम’ लिहू नये. तासन्‌तास बसून विड्या वळणे शरीरालाही हलके नसते. ‘बैठे काम’ म्हणावे, आणि मोबदल्याविषयी सांगायचे असल्यास ‘कमी मजुरीचे काम’ असे लिहावे.