पहाटेचं पाणी तपासा: वाढत्या उष्म्यात तळं सांभाळताना

मत्स्यपालनात नव्याने उतरणाऱ्यांना मी आधी पहाटे उठायला सांगतो. सूर्य उगवायच्या जरा आधी तळ्यावर जा. रात्रभर मासे, शेवाळ, तळातले जिवाणू असे सगळेच ऑक्सिजन ओढत असतात आणि नवा तयार होत नाही, म्हणून त्या वेळी तो सर्वांत कमी असतो. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा मीटर बुडवा. लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर निर्धास्त राहा. 3 च्या खाली गेला तर एअरेटर, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं यंत्र, लगेच सुरू करा. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकत असतील तर मीटर शोधत बसू नका.

हवामान बदलाचा फटका तळ्याला मुख्यतः इथेच बसतो. 20 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते.

एअरेटर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. कडक उन्हाच्या दिवसांत दुपारीही तासभर चालवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालचं गार पाणी ऑक्सिजनविना पडून राहतं. मग एखाद्या संध्याकाळी जोराचा पाऊस किंवा वारा येतो, दोन्ही थर एकदम मिसळतात आणि सकाळी मासे मेलेले दिसतात. थर रोज थोडे मोडत राहिले की हा धोका टळतो. ही सवय उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच लावा. तळाशी बराच काळ साचलेलं घाण पाणी भर उन्हाळ्यात एकदम ढवळू नका.

एअरेटर नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवारत पाडा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडतानाही असंच करा, कारण जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन बहुधा कमीच असतो.

खाद्याबाबत मात्र हात आवरता घ्या. खाल्लेलं पचवायलाही माशाला ऑक्सिजन लागतो, म्हणून संध्याकाळी उशिरा खाद्य नको. ऊन वर आल्यावर द्या. सलग ढगाळ दिवस असतील तर निम्मं करा, मासे वर येत असतील तर बंदच. एखाद दिवस उपाशी राहून मासा मरत नाही. उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, आणि तो गरम पाण्यात जास्त घातक ठरतो. 30 अंशांना सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) 8 असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण साडेसात टक्केच विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की जवळपास 45 टक्के. हिरव्यागार तळ्यात दुपारी सामू 9 होणं सहज शक्य आहे. म्हणून शेवाळावर लक्ष ठेवा. काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडा. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. 20 च्या आतच दिसेनाशी झाली तर खत थांबवा आणि थोडं पाणी बदला.

तळ्याच्या एका कोपऱ्यात अडीच-तीन मीटर खोल खड्डा ठेवा, उन्हात मासे तिथे आसरा घेतात. पुराचा धोका असेल तर आजवरच्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेपेक्षा बांध किमान अर्धा मीटर वर घ्या आणि सांडव्याला जाळी लावा. जाळीत अडकलेला पालापाचोळा रोज काढा, नाहीतर पाणी तुंबून बांधच फुटतो. मोठ्या पावसानंतर सामू मोजा; उतरला असेल तर शेतीचा चुना टाका. तळ्यात मासे असताना कळीचा चुना नको.

पाणी लवकर आटत असेल तर छोटं बीज सोडून वर्षभर वाट पाहू नका. मोठी बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) सोडा म्हणजे मासे कमी महिन्यांत विक्रीला येतात. पाणी उतरू लागताच मोठे मासे टप्प्याटप्प्याने काढून विका. पहाटेच्या गारव्यात जाळं ओढा, आणि आदल्या दिवशी खाद्य देऊ नका.