जुन्या आऊटबोर्डचं इंजिनकाम करायचं की नाही, हे कसं ठरवायचं

बंदरावर कुणाचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, बंद पडलं की चार जण जमतात आणि चौघांचं उत्तर एकच असतं, "रिंगा घाल, चलतला." कव्हरसुद्धा न काढता. अहो, रिंगा, पिस्टन, गॅस्केट ह्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू आहेत, त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते ब्लॉकवरून (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा), म्हणजे खाऱ्या पाण्याने तो आतून किती खाल्लाय त्यावरून, आणि त्याखालोखाल क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा). बाकीचा सगळा फक्त पैशांचा हिशोब.

इथे मी टू-स्ट्रोक दोन सिलिंडरबद्दलच लिहितोय, म्हणजे यामाहा एन्ड्युरो ८, १५, ४० एचपी ह्या जातीच्या मशीनबद्दल, कारण आपल्याकडे होडीला जास्त करून तीच दिसतात. फोर-स्ट्रोकचा हिशोब वेगळा.

आधी पार्टची चौकशी करा. यामाहाचे पार्ट मिळतात. जुनं जॉन्सन किंवा इव्हिनरूड असेल तर २०२० मध्ये त्यांच्या बीआरपी कंपनीने आऊटबोर्ड बनवणंच बंद केलंय, तेव्हा पिस्टन हातात आल्याशिवाय पानासुद्धा लावू नका. आणि हे सगळं मे महिन्यातच करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत सगळ्यांचीच इंजिनकामं निघतात आणि लेथवाला फोन उचलत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या भोकात गेज, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या (नाहीतर सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, उडायची), थ्रॉटल पूर्ण उघडा, गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा किती आला ह्यावर वाद घालू नका, प्रत्येक गेज वेगळा आकडा दाखवतो. दोन सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, एकीकडे ११० आणि दुसरीकडे ७० आला तर हेड (सिलिंडरचं झाकण) उघडायचंच. आणि दोन्हीकडे चांगला आला म्हणून नाचूही नका, कारण मशीन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा बोअरच्या (पिस्टन चालतो त्या भोकाच्या) बाहेरून जातात, कॉम्प्रेशन उत्तम असलेला ब्लॉक आतून सडलेला असू शकतो. सेकंडहॅंड मशीन घेणारे इथेच फसतात, विकणारा गेज लावून दाखवतो आणि घेणारा खूश.

गिअर ऑइल काढून बघा. दुधासारखं पांढरं असेल तर पाणी शिरलंय, सील बदलावे लागतील, पण तेवढ्यावरून मशीन टाकून देऊ नका. स्क्रूच्या चुंबकावर लोखंडाचे तुकडे आले तर गिअरचा खर्च धरा.

आता खरा टप्पा, बोल्ट. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते ह्यानेच, आणि जे व्हिडिओवाले "आता हेड काढून घ्या" म्हणून दोन सेकंदात पुढे जातात त्यांनी खाऱ्या पाण्यातलं मशीन कधी उघडलेलं नसतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टीलचा, मध्ये मीठ. वर्षानुवर्षं तिथे अ‍ॅल्युमिनियम सडून पांढरी पूड होते, ती फुगते आणि बोल्टला आवळून धरते. तुम्ही लांब पाना लावून जोर काढला की बोल्ट मऊ पडल्यासारखा फिरतो, वाटतं सुटला, आणि ती सुटण्याची नाही, पिळवटून तुटण्याची खूण असते. तो मऊपणा हाताला लागला की तिथल्या तिथे थांबा.

करायचं असं. आदल्या दिवशी प्रत्येक बोल्टच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, ते नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं. सकाळी बोल्टच्या डोक्यावर सरळ ठोके द्या, जोरात नको पण बरेच. मग पेट्रोलची टाकी, पाईप, कार्ब्युरेटर सगळं काढून लांब ठेवा, पेट्रोलचा वास येत असेल तर गॅस पेटवायचाच नाही, ह्यात मस्करी नाही. मग गॅसच्या टॉर्चने बोल्ट नाही, बोल्टच्या भोवतालचा ब्लॉक तापवा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि पकड ढिली होते. गरम असतानाच आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडा, पाव पाव आटा. कुरकुर आवाज आला तर चांगलं आहे, पूड फुटतेय. एका बोल्टला अर्धा तास गेला तरी जाऊ दे.

तरीही तुटला तर? हेड निघाल्यावर बोल्टचा तुकडा वर राहिलेला असतो, त्यावर नट ठेवून वेल्डिंग मारून घ्या, वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. इझी-आऊट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) मात्र लावू नका. लोक सांगतील, दुकानदार विकेल, पण तो कडक स्टीलचा असतो, आत तुटला की त्याच्यावर ड्रिलसुद्धा चालत नाही आणि तुटलेला बोल्ट परवडला असं होतं.

बोल्ट कसे सुटले हाच पहिला निकाल असतो. हेडचे सगळे सरळ निघाले तर समजा मालकाने मशीन गोड्या पाण्याने धुतलेलं आहे. निम्मे तुटले तर पॉवरहेडच्या (वरच्या मुख्य इंजिनच्या) खालचेही तुटणार, आणि तिथपर्यंत जाण्यात अर्थ आहे का ते आत्ताच बघा.

हेड, एक्झॉस्ट कव्हर, थर्मोस्टॅटचं झाकण, तिन्ही उघडा. मीठ खरवडून काढा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाण्याच्या वाटांच्या भिंतींवर दाबा. घट्ट लागलं तर बरं. भुसभुशीत लागलं, पापुद्रे सुटले, तर भिंत गेली. विशेष करून गॅस्केट बसते ती सपाटी, पाण्याची वाट आणि बोअर ह्यांच्या मधली अरुंद पट्टी बघा. तिथे खड्डे पडून वाट बोअरकडे सरकली असेल तर तो ब्लॉक माझ्या मते संपला. काही जण वेल्डिंग भरून देतात, मीठ मुरलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग बुडबुड्यांनी भरतं, एका सीझनमध्ये पुन्हा पाणी आत. एम-सील भरणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

ब्लॉक पास झाला तर बोअर. उभ्या रेघा दिसल्या की लोक घाबरतात, पण पुष्कळदा ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम लाइनरला चिकटलेलं असतं. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या रेघेवर लावा, फेस येऊन अ‍ॅल्युमिनियम निघून जाईल, लोखंडी लाइनर राहील. उघड्यावर करा, हातमोजे घाला, ब्लॉकच्या अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका, मग पाण्याने धुवून लगेच तेल लावा. त्यानंतरही नखाला रेघ लागली तर बोअर मारायचा. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या, त्याच्या मापाने बोअर, उलट नाही. आणि पोर्टच्या (बोअरच्या भिंतीतल्या हवा-धुराच्या खिडक्यांच्या) कडा बोअर मारल्यावर घासून घ्यायला सांगा, मोटारसायकलचं काम करणारे बरेच जण हे विसरतात आणि धारदार कडेत रिंग अडकून नवा पिस्टन पहिल्याच दिवशी फुटतो.

क्रँक सोपं आहे. कनेक्टिंग रॉड आडवा हलला तर चालतो, वर-खाली जरासुद्धा खेळ नको. मशीन चालू असताना समुद्रात पडलेलं असेल तर दोन्ही पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणून उंची जुळते का बघा, एक खाली राहिला तर रॉड वाकलाय. (आत्ताच पडलं असेल आणि लगेच उघडता येणार नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, हवेत ठेवलं की बेअरिंग गंजायला लागतात.)

मशीन मुळात का गेलं ते सापडल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका. इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणारं रबरी चाक) झिजलेला, कार्बचा जेट अर्धा बंद, क्रँकचा सील हवा ओढतोय, बहुतेक वेळा ह्या तिघांपैकी एक असतो, आणि तो तसाच राहिला तर नवं कामही त्याच जागी जळतं.

मग पैसे. पार्ट, बोअर, सील, मजुरी सगळं धरून बेरीज त्याच एचपीच्या चालत्या सेकंडहॅंड मशीनच्या निम्म्याच्या आत बसली तर बांधा. वर गेली तर नको, मशीन वडिलांच्या वेळचं असलं तरी नको.

ब्लॉक गेला असेल तर अख्खं मशीन किलोवर भंगारात देऊ नका. लोअर युनिट (खालचा गिअरचा भाग), सीडीआय, कार्ब, पंखा, ब्रॅकेट सुटं सुटं विका, कुणाला तरी त्यातलं एक हवंच असतं. थर्मोस्टॅटचं झाकण आणि कव्हरच्या क्लिपा मात्र स्वतःकडे ठेवा.